स्तोत्र 91 रोज वाचत होतो, तरी ते गेले

पत्राचा सारांश : ताई मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. नर्स आहेत, लहानपणापासून ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्या. लॉकडाउन लागल्यापासून त्यांच्या घरी रोज रात्री सगळे मिळून बायबलमधलं स्तोत्र 91, देव संकटांतून राखतो असं सांगणारं, मोठ्याने वाचत. 2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, त्यांचे पती कोरोनाने गेले. ते वॉर्डात असतानाही तिथल्या सिस्टरला फोन त्यांच्या कानाशी धरायला सांगून ताई ते स्तोत्र वाचत होत्या. आता एकुलती एक मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिची रात्रपाळी असते आणि ती स्कूटीने परतते. ती खोलीवर पोचल्याचा मेसेज येईपर्यंत ताईंना झोप नाही; छाती धडधडते, हात गार पडतात. "91 अजूनही रोज वाचते. शब्द तोंडातून जातात, मन म्हणतं हे खोटं आहे. पण एखाद्या रात्री राहिलं तर मुलीला काही होईल या भीतीने उठून दिवा लावते आणि वाचते." मागच्या वर्षी एका घरसभेत एका भावांनी साक्ष दिली, की आम्ही रोज 91 वाचलं म्हणून कोरोना आमच्या उंबऱ्याला शिवला नाही. ताई उठून बाहेर आल्या. तेव्हापासून घरसभा सुटली, मग रविवारची उपासनाही. नणंद म्हणते, विश्वास कमी पडला. ताईंचं विचारणं असं : "देव राखणारा आहे असं आता कोणत्या तोंडाने म्हणू? आणि वाचणं सोडलं तर चालेल का?"

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. चालेल. आज रात्री स्तोत्र 91 वाचू नका. उद्याही नको. तुमची मुलगी पुण्याच्या रस्त्यावरून सुखरूप खोलीवर पोचते ती तुम्ही इकडे सोळा वचनं म्हटलीत म्हणून नव्हे, आणि तुम्ही दमून झोपी गेलात तर तिच्यावरची देवाची नजर हटत नाही. स्तोत्र 121 काय म्हणतं ते आठवा : तुझा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही. यरुशलेमेला सणाला जाणारे यात्रेकरू हे गात डोंगराची वाट चढत. त्या वाटेवर ऊन होतं, चोर होते, पाय घसरण्याची भीती होती, आणि रात्री कुठेतरी अंग टाकावंच लागे. जागं राहण्याचं काम त्यांनी देवावर सोडलं होतं म्हणून त्यांना झोपता येत होतं. तुमच्या घरी मात्र हे काम उलटं झालं आहे. देवाने झोपू नये म्हणून तुम्ही जाग्या राहता आहात.

भीतीपोटी वाचलेलं वचन विम्याच्या हप्त्यासारखं होतं : एक चुकला की पॉलिसी बंद. तुम्ही इतकी वर्षं हप्ते भरलेत, आणि जेव्हा गरज पडली तेव्हा हाती काही आलं नाही, असं तुम्हाला वाटतं. अशा वेळी मन कडू होणारच. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं : "आम्ही आमच्या बाजूने काहीच कमी केलं नव्हतं." ताई, देवाशी असा सौदा झाला आहे असं तुम्हाला सांगितलं कुणी? तुम्ही स्वतःहून तो केला असेल असं मला वाटत नाही. 2020 मध्ये हे स्तोत्र घरोघरी व्हॉट्सअॅपवर फिरत होतं, दारावर चिकटवलं जात होतं, "हे वाचा आणि निर्धास्त राहा" असं सांगत होतं. घाबरलेल्या माणसांनी ते घट्ट धरलं यात त्यांचा दोष नाही. मात्र वचन त्यांच्या हाती देताना निम्मंच दिलं गेलं.

असं पहिल्यांदा झालेलं नाही. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांपैकी एकीत हेच स्तोत्र भूतपिशाच घालवण्याच्या गीतांबरोबर लिहिलेलं आहे. पुढे इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांनी पपायरसच्या तुकड्यांवर याच्या ओळी उतरवल्या, ते तुकडे घड्या घालून ताईत म्हणून अंगावर बाळगले. त्यांतले काही आज संग्रहालयांत आहेत. म्हणजे स्तोत्र 91 चा ताईत करण्याची ओढ फार जुनी आहे, आणि ती भीतीतून येते, दुष्टपणातून नव्हे. पण याच स्तोत्राची दुसरी वहिवाटही तितकीच जुनी आहे. यहुदी लोक ते प्रेत कबरीकडे नेताना म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हे शब्द जपले त्यांनी ते मरण टाळण्याची हमी म्हणून घेतले असते, तर कबरस्तानाच्या वाटेवर ते त्यांच्या तोंडून निघाले नसते. तुम्ही वॉर्डातल्या फोनवरून आपल्या माणसाच्या कानात हे स्तोत्र वाचत होतात तेव्हा तुम्ही ती दुसरी वहिवाटच पाळत होतात. ते वाचन वाया गेलं असं मी मानत नाही. शेवटच्या दिवसांत, जिथे तुम्हाला आत जाऊ देत नव्हते तिथे, तुमचा आवाज आणि देवाचं वचन एकत्र त्यांच्यापर्यंत पोचत होतं.

आता थोडी कठीण गोष्ट. शुभवर्तमानात स्तोत्र 91 चं वचन कोण उच्चारतो हे आठवतं का? मत्तय 4 आणि लूक 4 मध्ये सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागावर उभा करतो आणि म्हणतो, खाली उडी टाक. तुझ्या पायाला धोंडा लागू नये म्हणून देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलंच आहे. वचन बरोबर होतं, अक्षर चुकलं नव्हतं. तरी येशूने ते तसं घेतलं नाही. देवाची परीक्षा पाहू नको, असं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं वचन त्याने पुढे केलं. ज्या एका माणसाला हे स्तोत्र सर्वांत जास्त लागू व्हायला हवं होतं, त्यानेच त्याचा हमीपत्रासारखा उपयोग करायला नकार दिला. आणि पुढे वधस्तंभाखाली उभे असलेले लोक काय म्हणाले? याने देवावर भरवसा ठेवला होता, देवाला हा हवा असेल तर आता सोडवू दे. तोच हिशेब : सुटलास तर देव तुझा, मेलास तर नाही.

ताई, तुमच्या नणंदबाई मनाने वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. भावाच्या मरणाचं ओझं त्यांच्याही छातीवर असेल, आणि काहीतरी कारण सापडलं की ते हलकं होईल असं त्यांना वाटत असेल. पण "विश्वास कमी पडला" हे वाक्य वधस्तंभाखालच्या त्या लोकांच्या हिशेबातलं आहे. ते तुम्ही स्वीकारायला बांधील नाही. प्रेषितांची कृत्ये, 12 वा अध्याय काढून पाहा. हेरोद राजा याकोबाला तलवारीने मारतो. मग पेत्राला तुरुंगात टाकतो, आणि देवदूत येऊन पेत्राच्या साखळ्या गळून पडतात. दोघे प्रेषित, दोघे येशूच्या अगदी जवळचे. याकोबाचा विश्वास कमी पडला असं लूक कुठे लिहीत नाही. इब्री लोकांस पत्राच्या 11 व्या अध्यायातही विश्वासाने तलवारीच्या धारेतून वाचलेले आहेत आणि विश्वासातच तलवारीने मेलेले आहेत. एकाच यादीत, दोन-तीन वचनांच्या अंतरावर. तुमचे पती का गेले याचं कारण पवित्र शास्त्र देत नाही. जो कुणी ते द्यायला येईल तो शास्त्राच्या पुढे धावतो आहे.

पत्राच्या समासात तुम्ही बारीक अक्षरात लिहिलं आहे, की कदाचित ड्यूटीवरून आजार मीच घरी आणला असेन. हे तुम्ही आणखी कुणाला बोलून दाखवलं आहे का? त्या महिन्यात कोरोना दवाखान्यात होता, बाजारात होता, एसटीत होता, शेजारच्या घरात होता. कुणाकडून कुणाला लागला हे तेव्हाही सांगता येत नव्हतं, आता तर नाहीच. तुम्ही मात्र त्या दिवसांत दुसऱ्यांच्या माणसांच्या उशाशी उभ्या होतात. कुणाच्या तरी कानाशी तुम्हीही फोन धरला असेल. हे काम केलं म्हणून देवाने शिक्षा केली, असा विचार मनात आला तर त्याला थारा देऊ नका.

मग देव राखतो म्हणजे काय करतो? स्तोत्राची भाषा मी पातळ करून सांगणार नाही. "हजार तुझ्या बाजूला पडतील" असं ते म्हणतं, शेवटी दीर्घायुष्यही म्हणतं, आणि पन्नाशीत नवरा गमावलेल्या बाईला ते वचन टोचणारच. टोचू द्या. मात्र शेवटची तीन वचनं वेगळ्या आवाजात आहेत. तिथे देव स्वतः बोलतो. त्यांत तो सांगतो की संकटाच्या वेळी मी त्याच्याजवळ राहीन. संकट येणारच नसतं तर हे बोलायचं कारण नव्हतं. दाविदाच्या 23 व्या स्तोत्रातही मृत्युच्छायेची दरी चुकत नाही, तिच्यातून जावं लागतं. आणि नेमकं तिथेच "तो" म्हणता म्हणता दावीद "तू" म्हणायला लागतो. हिरव्या कुरणात देवाबद्दल बोललेला माणूस दरीत देवाशी बोलतो. बाबेलच्या भट्टीपुढे उभे असलेले शद्रख, मेशख आणि अबेदनगो राजाला म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण त्याने तसं केलं नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. ते "तरी" मला बायबलमधल्या सगळ्यात धीराच्या शब्दांपैकी एक वाटतं. ते भट्टीत टाकलेच गेले. आत त्यांच्याबरोबर चौथा होता.

आपल्या महाराष्ट्रातलंच सांगायचं तर पंडिता रमाबाई. दुष्काळाने आईवडील आणि बहीण नेली, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच पती गेले, आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. तेव्हा रमाबाई केडगावला मुक्ती मिशनमध्ये पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर पुरं करत होत्या. मनोरमेनंतर वर्षही उलटलं नाही, 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या. देव राखतो हे शब्द ज्या बाईने मराठीत उतरवले तिच्या घरातलं कुणी उरलं नव्हतं. तिला ते शब्द खोटे वाटले असते तर मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून इतकी वर्षं त्यांच्यापाशी ती बसली नसती. रमाबाईंसारखं व्हा, असं मी सुचवत नाही. तेवढं बळ कुणाकडे मागू नये. एवढंच, की ज्यांचं माणूस गेलं आहे त्यांच्यासाठीही हे वचन आहे.

भीती वाटते म्हणजे विश्वास नाही, हेही कुणीतरी तुमच्या मनात घातलेलं दिसतं. स्तोत्र 56 मधला माणूस म्हणतो, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन. भीती आणि भाव एकाच वाक्यात, एकाच छातीत. आणि छातीचं म्हणाल तर तुमच्या पत्रातली धडधड, गार हात, महिनोन्‌महिने तुटलेली झोप ही लक्षणं तुम्ही पेशंटमध्ये पाहिली असती तर त्याला "प्रार्थना कर" एवढंच सांगून घरी पाठवलं नसतं. एलीया संदेष्ट्याची गोष्ट काढा, 1 राजे 19. ईजबेल राणीच्या भीतीने पळालेला तो रानात झुडपाखाली पडून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो, परत झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. बोलणं पुढे, कित्येक दिवसांनी, होरेब डोंगरावर. म्हणून तुमच्याच दवाखान्यातल्या किंवा जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना ही लक्षणं सांगा, थायरॉइड आणि रक्तदाबही तपासून घ्या, आणि मानसोपचाराची गरज आहे असं ते म्हणाले तर लाजू नका. ओळखीच्या ठिकाणी जायचा संकोच वाटत असेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. गोळी घेतली तर विश्वास कमी होत नाही. तुम्ही आजवर किती विश्वासणाऱ्यांना गोळ्या दिल्यात!

मुलीशी एक ठराव करा. पोचल्यावर तिने एक मेसेज टाकायचा, रात्री मध्येच फोन करायचे नाहीत. तिच्या स्कूटीचे ब्रेक, लाइट, हेल्मेट, आणि कंपनीची रात्रीची गाडी मिळते का, हे एका दुपारी बसून नीट बोलून घ्या. आईने काळजीपोटी करायच्या या गोष्टी आहेत आणि त्या केल्याने देवावरचा भरवसा उणावत नाही. तिला हेही सांगा, की तुझे पप्पा गेल्यापासून मला रात्री भीती वाटते. तीही वडिलांवाचून आहे. तुमच्या फोनांना ती वैतागते असं तुम्ही लिहिलंत. मला वाटतं, तिला तुमचं दुःख कधी दिसलंच नाही, फक्त चौकशी दिसली.

आता वाचायचं काय? 91 बाजूला ठेवून आधी 88 काढा. फारशा उपासनांत ते वाचलं जात नाही, कारण त्याच्या शेवटी उजेड नाही. शेवटचा शब्द अंधाराचा आहे. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे तसं बोलणं देवाला चालतं. मग 13 : "किती काळ?" असं सरळ विचारणारं. हे कुणासमोर नको, दिवसा, एकट्याने, मोठ्याने वाचा. तुमच्या मनात जे आहे तेच वाचत असाल तर तोंड आणि मन वेगळं चालणार नाही. मार्था आठवा. भाऊ मेल्यावर चौथ्या दिवशी येशू आला तेव्हा तिने वाटेतच गाठून सुनावलं, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. त्याने तिला गप्प केलं नाही. थोड्या वेळाने तो स्वतः रडला. तुमच्या जिभेवर आलेलं "एप्रिलमध्ये तू कुठे होतास?" हे वाक्य गिळून 91 म्हणण्यापेक्षा ते वाक्य त्याला म्हणा. तीही प्रार्थनाच आहे.

रात्रीसाठी मात्र छोटं ठेवा. स्तोत्र 4 चं शेवटचं वचन, एकदाच, दिवा मालवायच्या आधी. शांतपणे पडून झोपण्याचं ते वचन आहे. मुलीचं नाव घ्या, "ही तुझी" म्हणा आणि पुस्तक मिटा. मध्यरात्री जाग आली आणि पुन्हा वाचलंच पाहिजे असं वाटू लागलं तर उठू नका, दिवा लावू नका. पहिल्या काही रात्री फार जड जाईल. न वाचता सकाळ होते आणि मुलीचा मेसेज आलेला असतो, हे शरीराला अनुभवानेच कळतं, समजावून नाही. 91 कडे परत यायचं तेव्हा याल. आलात तर शेवटच्या तीन वचनांपासून सुरुवात करा.

साक्ष देणाऱ्या त्या भावांसारखे वाचक हे वाचत असतील तर त्यांनाही दोन शब्द. तुमचे जीव वाचले, उपकार माना, जरूर उभे राहून माना. पण "आम्ही वाचलं म्हणून" असं म्हणण्याआधी खोलीत कोण बसलं आहे ते पाहा. मागच्या ओळीत त्याच रात्री तेच स्तोत्र वाचून नवरा, आई, मुलगा गमावलेलं कुणीतरी असतं. "आम्ही का वाचलो ते कळत नाही, पण देवाचे आभार" अशी साक्षही होते, आणि ती ऐकून कुणाला उठून जावं लागत नाही. आणि घरसभा चालवणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी 88 वाचावं.

तुम्ही मंडळीत परत कसं जायचं, ताई, ते तुमच्या सवडीने. घरसभेपासून सुरुवात नको. तिथे माणसं थोडी असतात, कुणी ना कुणी काही विचारतंच. रविवारची उपासना बरी, मागच्या बाकावर, दाराजवळ, एखाद्या मैत्रिणीबरोबर. त्याआधी पाळकांना किंवा पाळकीणबाईंना घरी चहाला बोलावून हे पत्र मला लिहिलंत तसंच्या तसं त्यांच्या हाती द्या. महिला मंडळात कोरोनाने विधवा झालेल्या आणखी भगिनी आहेत का, तेही त्यांना विचारा. बहुधा असतील, आणि बहुधा त्याही मागच्या बाकावर बसत असतील.